समोरून येणारा वारा

चष्मा विसरला म्हणून तो अर्ध्या रस्त्यातून परत फिरला आणि जिना चढू लागला, तेव्हा वरून कोणीतरी उतरत होते. जिन्याच्या वळणावर एक उंच खिडकी होती. सकाळचे ऊन तिच्यातून थेट डोळ्यांत येत होते आणि त्या उजेडात उतरणारे माणूस म्हणजे नुसता एक काळा आकार होता. कडा तेवढ्या धूसर, पेटल्यासारख्या. तो भिंतीला चिकटून उभा राहिला. अंग चोरून उभे राहायची त्याला जन्मापासूनची सवय. रिकाम्या लिफ्टमध्येसुद्धा तो कोपरा धरतो, असे बायको म्हणायची. ‘‘जा, जा, तुम्ही जा आधी,’’ तो म्हणाला. आकार क्षणभर थबकला. मग काही न बोलता त्याच्या जवळून खाली निघून गेला. रबराचा, साबणाचा आणि आणखी कसलासा ओळखीचा वास त्याच्या नाकाशी रेंगाळला. वरच्या मजल्यावर पाहुणी आली असेल, असे मनाशी म्हणत तो दाराशी पोचला, किल्ली फिरवली, रेडिओवर ठेवलेला चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला, आणि मग त्याला दिसले, की आतल्या खोलीचे दार सताड उघडे आहे, पलंगावर चादर आहे आणि चादरीखाली कोणी नाही. उंबऱ्याजवळच्या चपलांच्या जोडांत एक जोड कमी होता. जिन्यात ज्या माणसाला त्याने मानाने वाट करून दिली, ती त्याची मुलगी होती.

सात-आठ महिन्यांत ती एकटी घराबाहेर पडली नव्हती. डॉक्टरीणबाईंकडे जायची तेव्हा आई तिच्या एका बाजूला आणि तो दुसऱ्या बाजूला, अशी वरात निघायची. तो तसाच खाली धावला. म्हणजे त्याच्या वयाच्या माणसाला धावता येते तेवढा. रस्त्यावर कामाला निघालेली माणसे होती, बस होती, खालच्या घड्याळजीने दुकानाची फळी नुकतीच उचलली होती. ‘‘माझी मुलगी गेली का हो इकडून?’’ घड्याळजी म्हणाला, ‘‘तुमची मुलगी? ती परदेशी असते ना?’’ एवढ्या महिन्यांत शेजारपाजाऱ्यांनी आपापली समजूत करून घेतली होती. त्याने तिला फोन लावला. घंटी वाजत राहिली आणि त्याच्या मनात चित्र उभे राहिले: वर, उघड्या खोलीत, उशीजवळ थरथरत सरकणारा फोन. मग त्याने बायकोला लावला. ती एका दंतवैद्याच्या दवाखान्यात पेशंटांच्या वेळा लावायची आणि त्याच्या कितीतरी आधी घरातून निघायची. त्याने अडखळत सगळे सांगितले.

‘‘तिला ओळखलं नाहीत?’’ बायको म्हणाली.

‘‘अगं, चष्मा नव्हता. ऊन डोळ्यांवर होतं.’’

‘‘आणि ‘तुम्ही जा’ म्हणालात?’’ बायको खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. त्या गप्प होण्यात मागचे ड्रिलचे बारीक केकाटणे त्याला ऐकू आले. ‘‘हे बघा,’’ ती म्हणाली, ‘‘बाहेर पडली ना? पडू दे. मी दुपारी घरी जाऊन बघते. तुम्ही कामावर जा.’’

‘‘मी घरीच थांबतो.’’

‘‘नको. तुम्ही घरी थांबलात तर ती येईल, तुमचं तोंड बघेल आणि परत जाऊन आडवी होईल. जा म्हणते ना.’’

तो गेला. आपल्या तोंडात एवढे काय आहे याचा विचार बसमध्ये काचेतल्या प्रतिबिंबाकडे बघत त्याने केला, पण प्रतिबिंबातून दुकाने आरपार जात होती आणि चेहरा हाती लागत नव्हता. त्याऐवजी तो जिन्यातला तो क्षण पुन्हा पुन्हा काढून बघू लागला. तिच्या हातात काही होते का? एक खांदा जरा खाली होता, म्हणजे काहीतरी ओझे होते. की तो आता, भीतीने, ओझे कल्पून घेत होता? मोजमापाच्या धंद्याने त्याला एवढे शिकवले होते, की जे बघायची फार इच्छा असते ते आकड्यांत हमखास दिसू लागते. डॉक्टरीणबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, ‘‘मागे लागू नका, पण लक्ष असू द्या.’’ त्याने लक्ष ठेवले होते. रोज संध्याकाळी घरी आला, की चपला काढायच्या आधी तो तिच्या दारातून आत डोकवायचा. रोज तेच: पलंग, भिंतीकडे केलेले तोंड, डोक्यापर्यंत ओढलेल्या चादरीतून बाहेर आलेला एक पाय. ‘‘बरं आहे ना बाळ?’’ ‘‘हं.’’ रोज तोच पाय, तोच हं. त्याला वाटू लागले होते, की आता हे असेच. काहीतरी फार पूर्वी सुटून बाहेर पडले आणि आता कायमचे मध्ये येऊन उभे राहिले आहे.

ती मुलांना पोहायला शिकवायची. जन्मजात पाण्यातली, अंगाला सदैव तलावाच्या औषध टाकलेल्या पाण्याचा वास, केस नेहमी ओले, आणि आई नेहमी ओरडायची, उशी कुजेल. एका दुपारी शिकवणीच्या गर्दीत एक पोरगे पाण्याखाली राहिले. किती वेळ? तिच्या म्हणण्याप्रमाणे फार फार वेळ, बाकी सगळ्यांच्या म्हणण्याप्रमाणे दोन-तीन श्वास. तिनेच त्याला बाहेर ओढले, तिनेच पाठीवर थापट्या मारून पाणी काढले. कोणी तिला बोल लावला नाही; त्या पोराची आई तर तिच्या गळ्यात पडून रडली. पोरगे पुढच्या आठवड्यात पुन्हा उड्या मारू लागले. वर आली नाही ती फक्त ती. घरी येऊन तिने पोहायची पिशवी पलंगाखाली सारली आणि भिंतीकडे तोंड केले.

कामाच्या जागी त्याला सगळे रेघोबा म्हणत. कोणी ठेवले हे नाव ते आता कोणाला आठवत नव्हते, बहुधा वेळापत्रकवालीने. दुर्बिणीने कोणत्या दिवशी कोणत्या ताऱ्याकडे बघायचे याचे वेळापत्रक ती लावायची, आणि माणसांना नावे ठेवणे हा तिचा जोडधंदा होता. नाव मात्र चपखल होते. आयुष्यभर त्याने रेघाच बघितल्या होत्या, आणि त्याही एका ताऱ्याच्या. सूर्याच्या तीस-चाळीस पट वजनाचा तो तारा इतका तापलेला होता, की त्याचा बराचसा प्रकाश जांभळ्याच्याही पलीकडे, डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात पडायचा. हा प्रकाश जमिनीपर्यंत पोचतच नाही; वरची हवा तो गिळून टाकते. म्हणून दुर्बीण हवेबाहेर फिरत असायची आणि खाली यायचे ते नुसते आकडे. त्याच्या खोलीला आकाश असे नव्हतेच. एक टेबल, एक पडदा, चहाच्या कपाने टेबलावर उमटवलेले एकात एक गोल, आणि पडद्यावर वर्णपटाची वाकडीतिकडी रेघ. नवखी माणसे विचारायची, ‘तारा कुठे आहे?’ आणि तो लाजून त्या रेघेकडे बोट दाखवायचा, जणू घर लहान असल्याबद्दल माफी मागावी तसा.

पण त्या रेघेत वारा होता. एवढा तापलेला तारा स्वतःच्याच उजेडाचा भार सोसू शकत नाही; त्याचा प्रकाशच त्याच्या अंगावरचा वायू ढकलून देतो, आणि तो वायू सेकंदाला दोन-दोन हजार किलोमीटरच्या वेगाने सगळ्या दिशांना सुटतो. मुलगी शाळेत असताना तिने एकदा विचारले होते, ‘‘बाबा, इतक्या लांबचा वारा तुम्हाला लागतो तरी कसा?’’ त्याने खोलीत अंधार केला, टेबलावरचा दिवा लावला आणि बायकोच्या पावडरच्या डब्यातली मूठभर पावडर दिव्याभोवती फुंकली. दिव्याच्या आजूबाजूला उडालेले कण चमचम चमकले. पण दिवा आणि मुलीचे डोळे यांच्यामध्ये जे कण आले त्यांनी उलट दिव्याचा उजेडच जरासा खाल्ला. तिथे एक मळकट सावली पडली. ‘‘हेच होतं,’’ तो म्हणाला होता. ‘‘ताऱ्याच्या बाजूने जाणारा वारा उजळ दिसतो. आणि जो थेट आपल्याकडे येत असतो, तो ताऱ्यासमोर येतो आणि आपल्याला काळा दिसतो. माझ्या रेघेत त्याचा खड्डा पडतो. खड्डा किती लांब पसरलाय त्यावरून वारा किती जोरात येतोय ते कळतं.’’ मुलीला शिंक आली. मग नाक पुसत ती म्हणाली, ‘‘म्हणजे जो बिचारा सरळ आपल्याकडे येतोय, तोच काळा?’’ तेवढ्यात बायको आत आली, तिने रिकामा डबा बघितला, आणि विज्ञानाचे शिक्षण तिथेच संपले.

तो खोलीत शिरला तेव्हा वेळापत्रकवाली त्याच्याच खुर्चीत बसली होती. ‘‘या रेघोबा,’’ ती म्हणाली. ‘‘बसा म्हणाले असते, पण खुर्ची एकच आहे. तुमचं ठिगळ उसवलंय.’’

ठिगळाची गोष्ट जुनी होती. त्या लांबट, रुंद खड्ड्याच्या अगदी टोकाशी, जिथे वाऱ्याचा वेग सगळ्यात जास्त असतो तिथे, आणखी एक बारीक, टोकदार खाच असायची. त्याने पहिल्यांदा ती बघितली तेव्हा त्याचे केस काळे होते. वर्षा-दोन वर्षांनी दुर्बीण पुन्हा त्या ताऱ्याकडे वळली. खाच होती, तिथेच. पुन्हा बघितले, तिथेच. मग त्याने निष्कर्ष काढला: ताऱ्याने केव्हातरी, फार पूर्वी, वायूचे एक कवच फेकले असावे, आणि तेच आता कायमच्या एका वेगाने मधल्या जागेतून सरकत असावे. जुनी भानगड, आजच्या वाऱ्याशी तिचा संबंध नाही. मोजमापात ती आडवी येत होती, म्हणून त्याने गणिताचा एक तुकडा लिहिला, जो त्या ताऱ्याचे कोणतेही आकडे आले की आधी त्या जागची खाच भरून काढायचा आणि मग पुढचे मोजमाप करायचा. सगळे तो तुकडा वापरत. त्यालाच म्हणायचे रेघोबाचे ठिगळ. त्याला त्या नावाचा मनातून थोडा अभिमानही होता. एवढ्या वर्षांत त्याच्या नावावर चिकटलेली तेवढीच एक वस्तू.

‘‘बघा,’’ वेळापत्रकवालीने पडद्यावर टिचकी मारली. मागच्या आठवड्यात कोणाचे तरी निरीक्षण रद्द झाले होते आणि मोकळा पडलेला वेळ तिने त्याच्या ताऱ्याला देऊन टाकला होता. एक-दोन तास नव्हे, चार-पाच दिवस सलग. पडद्यावर त्या दिवसांचे वर्णपट ठिगळ लावून काढलेले होते, आणि नेमक्या त्या जागी, जिथे सपाट व्हायला हवे होते तिथे, एक टेंगूळ आले होते. ‘‘खड्डा आहे एकीकडे आणि तुम्ही माती टाकताय दुसरीकडे. रस्त्याचं कंत्राट घेतलंय का?’’

‘‘यंत्रात काहीतरी गडबड असेल,’’ तो म्हणाला. कोणतीही चूक निघाली, की त्याला आधी वाटायचे ती आपलीच. पण या ठिगळाच्या बाबतीत मात्र, का कोण जाणे, त्याला यंत्रावर ढकलावेसे वाटले. तो उभ्यानेच वाकला आणि ठिगळ काढून टाकले. कितीतरी वर्षांत त्याने असे केले नव्हते. मग सगळे वर्णपट एकाखाली एक मांडले, सगळ्यात आधीचा वर, सगळ्यात नंतरचा खाली. वेळापत्रकवाली खुर्चीतून उठली.

वरच्या रेघेत टोकाची खाच होती, नेहमीची, बारीक. पण खालच्या रेघांमध्ये ती विरत विरत नाहीशी झाली होती. आणि मध्ये, खड्ड्याच्या पोटात, ताऱ्याच्या बरेच जवळ, जिथे वारा अजून हळू असतो, तिथे एक रुंद, उथळ, असून नसल्यासारखी खळी पडली होती. त्याखालच्या रेघेत ती खळी जराशी बाजूला सरकली होती. त्याखालच्या रेघेत आणखी जराशी. सरकता सरकता ती अरुंद होत होती, खोल होत होती, वेग घेत होती, आणि शेवटी त्या टोकाशी, त्या ओळखीच्या जागी येऊन पोचत होती. आणि तोवर मागे दुसरी खळी पडलेली होती. जुने कवच नव्हतेच. ज्याला तो वर्षानुवर्षे तीच एक खाच समजत होता, ती प्रत्येक वेळी वेगळी होती. चालत चालत तिथे आलेली होती, आणि पुढे जाऊन विरून जाणार होती.

‘‘मग मला दर वेळी तिथेच कशी दिसायची?’’ त्याचा आवाज त्याला स्वतःलाच बारीक वाटला.

वेळापत्रकवालीने बोटांवर काहीतरी मोजले, मग जीभ चावली. ‘‘तुमचा तारा चारेक दिवसांत एक गिरकी घेतो. आणि आम्ही तुम्हाला ज्या वेळा देत आलो त्या...’’ ती थांबली. ‘‘आमचं वेळापत्रक आणि त्याची गिरकी हातात हात घालून फिरत होती हो, रेघोबा. तुम्ही जेव्हा जेव्हा दार उघडलंत, तेव्हा तो त्याच पायावर उभा होता.’’

तो खुर्चीत बसला. बसला म्हणजे खुर्ची मागे होती म्हणून; नसती तरी बसला असता. ‘‘अहो, वाईट वाटून घेऊ नका,’’ वेळापत्रकवाली म्हणाली. ‘‘चांगली बातमी आहे ही. चहा पाठवते.’’ तिला वाटले, त्याला ठिगळाचे दुःख झाले आहे. ते होतेच, थोडेसे दाढ काढल्यासारखे, जीभ पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या जागी जावी तसे. पण त्याच्या डोळ्यांसमोर पडदा नव्हता. तेव्हा तो त्याच पायावर उभा होता. चादरीतून बाहेर आलेला पाय. तो रोज त्याच वेळी घरी येतो. तीच बस, तोच जिना, चपला काढायच्या आधी तेच डोकावणे. बाकीच्या दिवसभरात त्या खोलीत काय असते? त्याला ठाऊक नव्हते. त्याने कधी दुसऱ्या वेळी बघितलेच नव्हते.

दुपारी चहाच्या कपात साय धरली तेव्हा बायकोचा फोन आला. ‘‘अजून नाही आली,’’ ती म्हणाली, आणि तिचा आवाज सकाळपेक्षा खाली होता. ‘‘ऐका. पलंगाखालची पिशवी नाहीये.’’

रबर. जुना साबण. तलावाचे औषधी पाणी. वास एकदम मोकळा झाला, आणि त्याबरोबर खाली झुकलेला खांदाही. ते कल्पून घेतलेले नव्हते. पाणी. ती पाण्याकडे गेली होती. पाण्याकडे जाणारे माणूस कशासाठी जाते, हे एका रेघेवरून कसे सांगायचे? दोघेही एकाच गोष्टीचा विचार करत होते आणि दोघांनाही ती पहिल्यांदा उच्चारायची नव्हती.

‘‘ती हल्ली कशी असते?’’ त्याने शेवटी विचारले. ‘‘दिवसा. मी नसताना.’’

‘‘हे काय आत्ता?’’

‘‘सांग ना.’’

बायको जरा घुटमळली. ‘‘आधी उठायचीच नाही. मग मी जेवायला घरी यायचे तेव्हा खिडकीत बसलेली असायची. मध्यंतरी एकदा सगळी कपाटं आवरली. मागच्या महिन्यापासून स्वतःचा चहा स्वतः करते. चार दिवसांपूर्वी मला म्हणाली, आई, माझे केस काप, फार वाढलेत.’’

‘‘मला का नाही सांगितलंस?’’

‘‘कारण तुम्ही लगेच विचारत बसला असता. आज किती वेळ बसलीस, काल किती वेळ बसली होतीस. तुमची बस यायची वेळ झाली, की ती गुपचूप जाऊन आडवी होते. मी बघते ना रोज. तुम्ही दारात येता आणि असं काही तोंड करता, की... जाऊ दे. तिला ते बघवत नाही.’’

खिडकी. कपाटे. चहा. केस. त्याने ते एकाखाली एक मांडले. वरची रेघ अगदी सपाट. त्याखाली उथळ, असून नसल्यासारखी एक खळी, मग जराशी सरकलेली, मग आणखी. त्याची इच्छा फार होती, म्हणून त्याला ते दिसत होते का? असेल. त्याचा स्वतःवर एवढाच भरवसा होता. पण चारही आकडे बायकोचे होते, आणि बायकोला कशाचीच टोके जुळवायची सवय नव्हती. तिने जे बघितले ते सांगितले. ‘‘मी तलावावर जातो,’’ तो म्हणाला. बायको यावेळी नको म्हणाली नाही.

वेळापत्रकवालीने त्याला जिन्यात गाठले. ‘‘अहो, पळताय कुठे? संचालक तुमच्या खोलीकडे निघालेत. मी सांगून बसलेय, की रेघोबांनी स्वतःचंच ठिगळ फाडलं!’’

‘‘उद्या,’’ तो म्हणाला. त्याच्या नोकरीत हा शब्द त्याने वरिष्ठांसाठी पहिल्यांदाच वापरला असावा.

तलावाची इमारत रुंद, ठेंगणी, फिकट हिरव्या काचांची होती. तो रस्त्याच्या या बाजूला, बसथांब्याजवळ उभा राहिला. आत जायचा धीर होईना. काचेमागे आकार हलत होते, पाण्याचे आणि पोरांच्या ओरडण्याचे आवाज एकात एक मिसळून बाहेर येत होते, आणि त्या कल्लोळात एखादी शिटी वाजली, की तो दचकून फाटकाकडे बघायचा. कितीतरी वेळा त्याने रस्ता ओलांडायला पाय उचलला आणि परत घेतला. तो आत गेला, आणि ती तिथे असली, तर त्याचे ते तोंड बघून काय होईल? आणि नसली, तर? सूर्य इमारतीच्या मागे उतरत होता. फाटकातून माणसे बाहेर पडू लागली, आणि उजेड त्यांच्या पाठीशी असल्यामुळे प्रत्येक माणूस म्हणजे नुसता काळा आकार होता; कडा तेवढ्या पेटलेल्या. टॉवेल गुंडाळलेली पोरे, पोरांचे हात धरलेल्या आया, एक म्हातारा, जो चालतानाही कानातले पाणी झटकत होता. तो प्रत्येक आकार डोळ्यांत तेल घालून निरखत होता. नाही. नाही. हीही नाही. मग एक आकार आला, ज्याचा एक खांदा जरासा खाली होता.

यावेळी तो भिंतीला चिकटला नाही. रस्ता ओलांडून थेट तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

‘‘बाबा? इथे कसे?’’

‘‘सहज. इथून जात होतो.’’

‘‘इथून? तुमची बस तिकडून जाते.’’

‘‘चष्मा,’’ तो म्हणाला. ‘‘सकाळी चष्मा नव्हता.’’

‘‘कळलं मला ते.’’ तिच्या आवाजात काहीतरी फुटले. हसू होते ते, पण फार दिवस न वापरल्यामुळे किंचित गंज चढलेले. ‘‘इतक्या मानाने मला कोणी वाट करून दिली नव्हती.’’

‘‘मग बोलली का नाहीस? मी आहे म्हणून?’’

‘‘बोलले असते तर तुम्ही विचारलं असतं, कुठे चाललीस. मग मी सांगत बसले असते, आणि सांगता सांगता परत वर आले असते.’’ तिने पिशवीचा पट्टा सारखा केला. ‘‘तुम्ही म्हणालात, जा तुम्ही. गेले.’’

त्याने तिच्याकडे बघितले. केस आखूड होते, कडेने वाकडेतिकडे कापलेले, आईचा हात. केस कोरडे होते. सदरा कोरडा होता. फक्त विजारीचे दोन्ही काठ काळपट, ओले होते. त्याने ते बघितले हे तिने बघितले. ‘‘सकाळपासून त्या समोरच्या बाकावरच बसले होते,’’ ती म्हणाली. ‘‘दुपारनंतर आत गेले. उथळ बाजूच्या पायऱ्यांवर. आज एवढंच.’’ त्याच्या जिभेवर आलेले सगळे प्रश्न, किती वेळ, भीती वाटली का, उद्या येणार का, एकमेकांना ढकलत दारापर्यंत आले आणि तिथे थांबले. आलेखातल्या एका ठिपक्यावरून काही म्हणता येत नाही, हे त्याला ठाऊक होते. पण हा पहिला ठिपका नव्हता, हेही आता त्याला ठाऊक होते.

‘‘आईला फोन कर,’’ एवढेच तो म्हणाला आणि आपला फोन तिच्या हातात दिला. दोघे चालू लागले. तो सवयीने अर्धे पाऊल पुढे होता, मान वळवून तिच्याकडे बघत. मग मागे सरला आणि तिच्या बाजूने चालू लागला. उतरते ऊन आता तिच्या गालावर तिरपे येत होते, आणि कानामागची बारीक लव, आखूड केसांची टोके, नाकाचा शेंडा, सगळे लखलखत होते. फोनमधून बायकोचा आवाज त्यालाही स्पष्ट ऐकू आला. तिचा आवाज फोनमध्ये कधी मावतच नसे. ‘‘भिजलीस का गं?’’

‘‘घोट्यापर्यंत,’’ मुलगी म्हणाली.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. ‘‘बरं. मग पाय पुसून घरात ये. सगळीकडे ओलं करू नकोस.’’

मुलीने फोन परत दिला. थोडे चालल्यावर त्याने, समोर बघतच, विचारले, ‘‘माझं तोंड कसं असतं गं? दारात?’’

‘‘आईने सांगितलं वाटतं.’’ तिने जरा विचार केला, मग भुवया वर चढवल्या, गाल आत ओढले आणि ओठ असे मिटले, की जणू समोर कोणी अत्यवस्थ पडले आहे आणि त्याला जागे करायचे नाही. तो बघतच राहिला. मग त्याला हसू फुटले, आधी नाकातून, मग सगळेच, इतके, की बसथांब्यावरच्या बाईने वळून बघितले. ‘‘असं?’’ त्याने विचारले. ‘‘याहून वाईट. मला जमत नाही पूर्ण.’’ ‘‘उद्यापासून बदलून बघतो.’’ ‘‘नको, एकदम नको,’’ ती म्हणाली. ‘‘आम्हाला सवय झालीय.’’

बोलता बोलता त्याने मागे वळून बघितले. ओल्या काठांचे पाणी तिच्या चपलांतून पाझरत होते आणि पदपथाच्या कोरड्या फरशीवर पावले उमटली होती, एकामागे एक, फाटकापासून इथवर. सगळ्यात मागची जवळजवळ वाळली होती, मधली फिकट होत होती, आणि त्याच्या बाजूला, तिचा पाय उचलला की त्याखाली, नवे पाऊल काळेभोर, ओले उमटत होते.